काळ्या कातळाची कहाणी

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आणि मालाने भरलेली गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. हे शहर ज्या भूमीवर वसले आहे, तिचा विचार मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. घराचा पाया, देवळाची पायरी, रस्त्यावरील खडी, तालुक्यातील लोनाडची लेणी, पाहावे तिकडे तोच काळा कातळ! तो इतका परिचयाचा आहे, की तो कोठून आला असे कोणी विचारीतही नाही.

हा खडक बेसाल्ट होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर पडू लागला. पुराच्या पाण्याप्रमाणे तो दूरवर पसरला व निवून त्याचा कातळ झाला. त्यावर पुन्हा नवा शिलारस आला. असे थरावर थर चढत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. म्हणूनच या खडकांना पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ असे नाव मिळाले.

हे सर्व एका दमात घडले काय? नाही. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा आढळतो. एक उद्रेक शमल्यावर दुसरा होईपर्यंत ऊनपावसाने कातळ झिजून त्याची माती झाली, हे तो पट्टा सांगतो. मुंबईत वरळीच्या टेकडीतील अशाच एका मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. जेथे अग्नीचे तांडव झाले, तेथेच काही काळ पाणी साचले होते आणि बेडूक नांदत होते!

खडकाचे वय सांगणारे घड्याळ खडकातच असते. त्यातील पोटॅशिअमचा एक अल्पसा अंश अतिशय मंद, परंतु ठराविक गतीने बदलत जातो आणि त्यातून आर्गॉन वायू निर्माण होतो. हा वायू किती साठला, हे मोजून शास्त्रज्ञ वयाचा हिशेब करतात.

एवढा काळ मनात कसा आणावा? दोन फुटांचे एक पाऊल म्हणजे १०० वर्षे असे समजून भिवंडीतून भूतकाळाकडे चालत निघावे. साडेतीन पावलांवर १६७४ सालचा शिवराज्याभिषेक येईल. सुमारे पंधरा पावलांवर लोनाडची लेणी खोदणारे कारागीर भेटतील. परंतु कातळाच्या जन्मापर्यंत पोहोचण्यास ६ लाख ६० हजार पावले, म्हणजे जवळजवळ कोल्हापूरपर्यंत चालावे लागेल. आणि पृथ्वीचा जन्म? तो गाठण्यासाठी पृथ्वीप्रदक्षिणेचा दोन तृतीयांश मार्ग आक्रमावा लागेल.

असा हा कातळ सुरुंगाने क्षणात फुटतो. घरे व रस्ते यांसाठी दगड लागतो, हे खरेच. परंतु फुटलेला थर पुन्हा जुळत नाही. मुंबईत अंधेरी येथे गिल्बर्ट टेकडी आहे. शिलारस निवताना आकसून तेथे कातळाचे उभे, बहुकोनी स्तंभ झाले. दगडांच्या खाणींमुळे या टेकडीचा बराच भाग नाहीसा झाला. सुमारे ६० मीटर उंचीचा सुळका तेवढा उरला. आज त्याला वारसा म्हणून संरक्षण आहे.

जुन्या पोथीचे पान फाडण्यापूर्वी ते निदान वाचून पाहावे, असे कोणीही म्हणेल. ही तर सर्वांत जुनी पोथी आहे, आणि ती प्रत्येकाच्या पायांखाली उघडी पडलेली आहे.