अ‍ॅक्रोमेगली

अ‍ॅक्रोमेगली किंवा विशालांगता हा शरीरात वृद्धी संप्रेरकाचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिल्यामुळे प्रौढ वयात होणारा विकार आहे. यात हात, पाय व चेहरा यांची हाडे आणि मऊ ऊती हळूहळू वाढतात. हृदयासारख्या अंतर्गत अवयवांचा आकारही वाढतो. हा विकार दुर्मीळ आहे. दर दहा लाख लोकसंख्येत दरवर्षी साधारणतः ३ ते ४ नवे रुग्ण आढळतात. बदल अतिशय संथ गतीने होत असल्याने पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत अनेकदा ५ ते १० वर्षे निघून जातात. त्यामुळे या विकाराची चिन्हे व लक्षणे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

नाव व इतिहास

फ्रेंच चेतारोगतज्ज्ञ प्येर मारी यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'आक्रोन' म्हणजे टोक आणि 'मेगास' म्हणजे मोठा, या दोन शब्दांपासून ते बनले आहे. शरीराची टोके, म्हणजे हात, पाय, हनुवटी व नाक, मोठी होतात, हा त्याचा अर्थ. पीयूषिका ग्रंथीच्या अतिस्रावाशी या विकाराचा संबंध असल्याची मांडणी अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९०९ मध्ये केली.

कारणे

पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या खालच्या बाजूस, कवटीच्या तळातील एका खोबणीत असते. तिचा आकार वाटाण्याएवढा असतो. तिच्यातून स्रवणारे वृद्धी संप्रेरक यकृतावर कार्य करते आणि यकृतातून इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१ (आयजीएफ-१) हे द्रव्य रक्तात येते. हाडे व इतर ऊतींची वाढ मुख्यतः याच द्रव्यामुळे होते. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत अतिस्रावाचे कारण पीयूषिकेतील सौम्य अर्बुद, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ, हे असते.

महाकायतेशी संबंध

लहानपणी लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती कायम असताना अतिस्राव सुरू झाल्यास उंची अमर्याद वाढते. या अवस्थेस महाकायता म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट वॅडलो (१९१८–१९४०) यांची उंची २.७२ मीटर नोंदवली गेली. त्यांच्या पायांची संवेदना कमी झाली होती. पायाच्या आधारपट्टीमुळे घोट्याला झालेल्या फोडात जंतुसंसर्ग होऊन वयाच्या २२ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. तारुण्यानंतर कूर्चेचे हाडात रूपांतर होते. त्यापुढे उंची वाढू शकत नाही, हाडे जाड व रुंद मात्र होतात. हीच अ‍ॅक्रोमेगली होय.

चिन्हे व लक्षणे

बाह्य बदल: बोटे जाड होतात, अंगठी घट्ट होऊन निघेनाशी होते आणि पादत्राणांचे माप वाढत जाते. नाक व ओठ जाड होतात, भुवयांवरील हाड पुढे येते, खालचा जबडा वाढतो आणि दातांमध्ये फटी पडतात. जीभ मोठी होते व आवाज घोगरा होतो. त्वचा जाड व तेलकट होते आणि घाम फार येतो.

सांधे व चेता: गुडघे, नितंब व पाठीचा कणा यांत वेदना होतात. मनगटातील चेता दाबली गेल्याने बोटांना मुंग्या येतात. जीभ व घशातील ऊती वाढल्यामुळे घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे ही लक्षणे दिसतात.

गाठीच्या दाबामुळे होणारे त्रास: डोकेदुखी सर्रास आढळते. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता पीयूषिकेच्या लगेच वर एकमेकींस छेदतात. तेथे दाब पडल्यास दोन्ही बाजूंचे, कानांकडील दिसणे कमी होते. इतर संप्रेरकांचे संतुलन बिघडल्यास स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होते, तर पुरुषांत लैंगिक क्षमता घटते.

अंतर्गत परिणाम: उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या स्नायूंची अनिष्ट वाढ आणि मोठ्या आतड्यातील गाठी यांचा धोका वाढतो.

निदानास विलंब का होतो

रोज सहवासात असणाऱ्यांना चेहऱ्यातील संथ बदल जाणवत नाही. रुग्णही त्याला वाढत्या वयाचा परिणाम मानतो. शिवाय लक्षणे विखुरलेली असतात. दातांसाठी दंतवैद्य, सांधेदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, घोरण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, अशा वेगवेगळ्या डॉक्टरांकडे एकच रुग्ण जातो. प्रत्येक तक्रार स्वतंत्रपणे सामान्य वाटते. ती सर्व एकत्र पाहिल्यावरच विकार ओळखू येतो. म्हणून काही वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांशी चेहऱ्याची तुलना करणे ही साधी रीत निदानात उपयोगी पडते.

तपासण्या

वृद्धी संप्रेरकाची रक्तातील पातळी दिवसभरात सतत कमीजास्त होते. त्यामुळे तिच्या एकाच मापनावर विसंबता येत नाही. आयजीएफ-१ ची पातळी तुलनेने स्थिर असल्याने प्रथम ती मोजतात आणि रुग्णाचे वय लक्षात घेऊन तिचा अर्थ लावतात. नंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन रक्ताची तपासणी करतात. निरोगी व्यक्तीत यामुळे वृद्धी संप्रेरक कमी होते, या रुग्णांत ते अपेक्षेप्रमाणे उतरत नाही. गाठीचे स्थान व आकार एमआरआयद्वारे कळतात.

उपचार व परिणाम

बहुतेक रुग्णांत नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढणे हा पहिला उपचार असतो. गाठ लहान असताना तो अधिक यशस्वी होतो. स्राव कमी करण्यासाठी ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड ही इंजेक्शने, तर संप्रेरकाची क्रिया रोखण्यासाठी पेग्विसोमंट दिले जाते. आवश्यकतेनुसार किरणोपचारही करतात. संप्रेरक नियंत्रणात आल्यावर मऊ ऊतींची सूज उतरते, घाम कमी होतो आणि आयुर्मान सर्वसाधारण व्यक्तीच्या जवळपास येते. वाढलेली हाडे मात्र पूर्ववत होत नाहीत.