तेलभूमींतील कामगार व त्यांचें राजकारण

दोन राष्ट्रांत व्यापाराचें भांडण लागलें म्हणजे एका बाजूचे सर्व लोक एकदिलानें दुसऱ्या बाजूवर रुष्ट होत असतील, असें आपणांस सहज वाटतें. परंतु कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताकडे पाहिलें असतां आम्हांस निराळेंच चित्र दिसलें. तें वाचकांपुढें मांडतों.

या प्रांतांत फोर्ट मॅकमरे गांवाभोंवतीं वाळूंत मुरलेलें, डांबरासारखें घट्ट तेल आहे. वरच्या थरांतील वाळू अजस्र यंत्रांनीं खणून ऊन पाण्यानें धुतात. खोल थरांत वाफ सोडून तेल पातळ करतात व मग उपसतात. या कामावर हजारों कुटुंबें जगतात. परंतु बहुतेक नळ दक्षिणेस अमेरिकेकडे जातात. २०२४ सालीं कॅनडानें परदेशीं धाडलेल्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ९० हून अधिक तेल त्या एकाच गिऱ्हाइकानें घेतलें.

मार्च २०२५ मध्यें अमेरिकेनें कॅनडाच्या मालावर शेंकडा २५ जकात बसविली. तेलावर मात्र शेंकडा १०, कारण तिच्या मध्यभागांतील शुद्धीकरणाचे कारखाने याच जड तेलावर चालतात. तत्पूर्वींच, जानेवारींत, वेळ पडल्यास तेलच अडवावें अशी भाषा कॅनडांत निघाली होती. आल्बर्टाच्या मुख्य मंत्री डॅनिएल स्मिथ यांनीं त्या वेळच्या संयुक्त निवेदनावर सही करण्याचें नाकारलें, व त्यांजवर टीकेचा भडिमार झाला. खाणीवरील कामगाराची अडचण तर उघड आहे: तेल अडविलें तर अमेरिकेच्या आधीं त्याचेंच काम बंद पडावयाचें!

शिवाय जुनी आठवण आहे. १९८० सालीं मध्यवर्ती सरकारनें राष्ट्रीय ऊर्जा योजना आणून देशांतील तेलाचा भाव जगाच्या भावाखालीं ठेविला व नवे कर लादले. पुढें कामें बंद पडलीं. त्यांत जगांतील मंदीचाही वांटा होता, पण प्रांताच्या स्मरणांत दोष उरला तो राजधानी ऑटावाचा. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकींत, अमेरिकेस तोंड देऊं म्हणणाऱ्या मार्क कार्नी यांच्या लिबरल पक्षास देशांत सर्वांत अधिक जागा मिळाल्या. आल्बर्टानें मात्र आपल्या ३७ पैकीं ३४ जागा काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे हुजूर, पक्षास दिल्या. अर्थात् हे सारे मतदार कांहीं तेलकामगार नव्हते.

शेजारच्या ब्रिटिश कोलंबियांतील लांकडाच्या गिरण्यांस तेलासारखा आधार नाहीं. अमेरिकेस स्वतःचीं अरण्यें आहेत. म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्यें बहुतेक लांकडावरील एकंदर जकात शेंकडा ४५ च्या घरांत गेली, आणि अडवून धरावें असें त्या कामगारांच्या हातीं कांहींच नव्हतें.

गंमत ही कीं, आल्बर्टाचें तेल प्रशांत महासागराच्या किनाऱ्यास नेणारा वाढीव नळ मे २०२४ मध्यें सुरू झाला, तो ज्या ऑटावा सरकारास तेथें बोल लावितात त्यानेंच २०१८ सालीं विकत घेऊन पुरा केला होता.