पिकअपमध्ये ‘कुठलंही चांगलं ऑइल’ टाकताय? बीएस-६ डिझेल गाडीचं ऑइल-पाणी आधी समजून घ्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून मामाची पिकअप वाशी मार्केटला निघाली होती. पहाटेच्या आत माल पोहोचला तर भाव, नाहीतर उरलेल्या गिऱ्हाइकाला द्यायचा, हे गणित प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असतं.

तासाभरातच मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागला. मग दुसरा. मग गाडीने पिकअपच सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी चाळीसच्या पुढे काटा जाईना. शेवटी क्रेट दुसऱ्या गाडीत भरले, त्या गाडीवाल्याने अडल्याचं भाडं घेतलं, आणि मामाची गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली. हप्ता मात्र त्या दोन दिवसांचाही होताच.

गॅरेजमध्ये कळलं की डीपीएफ भरलाय. आणि कारण एक नव्हतं, तीन होती. उन्हाळाभर गाडी गाव ते मार्केट यार्ड एवढीच धावली होती. दिवा पंधरा दिवस अधूनमधून लागत होता, पण “सेन्सरचं काहीतरी असेल” म्हणून सोडून दिलेला. आणि मागच्या दोन सर्व्हिसिंगला जुन्या गाडीत टाकायचो तेच ऑइल टाकलेलं.

मामाची जुनी गाडी त्याच ऑइलवर दहा वर्षं चालली होती. मग नवीन गाडीला काय झालं? तेच आज सोप्या भाषेत बघू.

२०२० मध्ये असं काय बदललं?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. बीएस-४ वरून आपण थेट बीएस-६ वर उडी मारली, मधला बीएस-५ चा टप्पा घेतलाच नाही. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली आणि गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर नवीन यंत्रणा बसली.

त्यातला एक भाग म्हणजे डीपीएफ, अर्थात डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. धुरातली काजळी पकडून ठेवायची. म्हणूनच नवीन डिझेल गाडी मागून काळा धूर सोडत नाही.

पण पकडलेली काजळी जाणार कुठे? ती जाळावी लागते. फिल्टरचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेऊन गाडी स्वतःच ती जाळते. याला रीजनरेशन म्हणतात. हायवेला गाडी एका लयीत चालली की हे काम नीट होतं. दोन किलोमीटर जाऊन बंद, परत दोन किलोमीटर जाऊन बंद, असं चाललं की ते अर्धवट राहतं.

काजळी जळते, पण राख जळत नाही. आणि ही राख मुख्यतः येते इंजिन ऑइलमधून. इथेच ऑइलची निवड महत्त्वाची ठरते.

इंजिन ऑइल : डब्यावर नेमकं काय वाचायचं?

आपण दुकानात जाऊन विचारतो, “पंधरा-चाळीस आहे का?” पण ती अर्धीच माहिती झाली.

१५डब्ल्यू-४० हा ऑइलचा जाडेपणा आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर लवकर वर पोहोचतं. दुसरा आकडा इंजिन तापलेलं असताना ऑइल किती जाड राहील हे सांगतो. तुमच्या गाडीला १५डब्ल्यू-४० हवं की ५डब्ल्यू-३०, हे कंपनीने मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. “आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल टाक” हा सल्ला मॅन्युअलपेक्षा मोठा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्जा. डब्यावर एपीआय आणि त्यापुढे अक्षरं असतात. ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारा डिझेलसाठी. सीएच-४, सीआय-४, सीजे-४, सीके-४ अशी ही शिडी आहे.

अमेरिकेत मोठ्या डिझेल गाड्यांना २००७ च्या नियमांमुळे डीपीएफ आला, आणि त्याच्या तोंडावर २००६ मध्ये सीजे-४ हा दर्जा आला. त्यात राखेचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत मर्यादित केलं गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये सीके-४ आला, त्यातही ही मर्यादा कायम आहे. सीआय-४ हा त्याआधीचा, डीपीएफ डोळ्यासमोर न ठेवता बनवलेला दर्जा. तो जुन्या गाडीला उत्तम, पण डीपीएफ असलेल्या गाडीत राख वाढवू शकतो. काही कंपन्या एपीआयऐवजी एसीइए सी३ सारखा युरोपीय दर्जा सांगतात. तोही कमी राखेचाच.

म्हणजे मामाच्या डब्यातलं ऑइल खराब नव्हतं. ते दुसऱ्या गाडीचं होतं.

उलटं चालतं का? हो. सीके-४ ऑइल जुन्या सीआय-४ वाल्या इंजिनात चालतं, फक्त जाडेपणा मॅन्युअलप्रमाणे हवा. घरी एक जुनी आणि एक नवी गाडी असेल, तर हे लक्षात ठेवा. मात्र एफए-४ नावाचा जो दर्जा आहे, तो मॅन्युअलमध्ये लिहिला असेल तरच वापरायचा.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं का?

नाही. डिझेल इंजिनात ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. रंग बघून नाही, किलोमीटर आणि महिने बघून बदला. जी मुदत आधी भरेल ती धरा. सतत लोड, घाट, धूळ असेल तर मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ अशा अर्थाचा वेगळा, कमी किलोमीटरचा तक्ता असतो. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप याच तक्त्यात बसतात.

आता एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. डिपस्टिकवर ऑइल कमी झालेलं आपण बघतो. पण ते वाढलेलं दिसलं तर?

“बरंय, गाडी ऑइल खात नाही” असं समजू नका. बऱ्याच इंजिनांत रीजनरेशनच्या वेळी तापमान वाढवायला जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते काम वारंवार अर्धवट राहिलं, तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पातळी वर चढते. पातळ ऑइल बेअरिंग आणि टर्बोला सांभाळू शकत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी दाखवा, थांबू नका.

कूलंट : बोअरचं पाणी हा उपाय नाही

घाटात बोनेट उघडून बाटलीतलं पाणी ओतणारा ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलाय. अडचणीत ते ठीक. पण कायमचं पाणी भरून गाडी चालवणं महागात पडतं.

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उकळबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो, आणि प्रेशर कॅपमुळे आणखी वर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चिकटतात, अगदी घरच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तसे.

आणि रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा यांचं सगळ्या कंपन्यांमध्ये एकच प्रमाण नाही. वेगळ्या प्रकारचे दोन कूलंट मिसळले तर त्यांची गंजरोधक ताकद कमी होऊ शकते. डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी जुळवा.

दोन इशारे. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफेने भाजतं. आणि कूलंट चवीला गोड असला तरी विषारी आहे. सांडलेला तसाच सोडू नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरी दोघांनाही धोका असतो.

निळ्या झाकणाची टाकी आणि युरियाची गोणी

सगळ्या पिकअपमध्ये ही टाकी नसते. तुमच्या गाडीत डिझेलच्या झाकणाजवळ किंवा बाजूला निळं झाकण असेल, तर ती डीईएफची टाकी. बऱ्याच जणांना हे ॲडब्लू या नावाने माहीत आहे.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. ते गरम धुरात फवारलं जातं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडचं रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात करतो.

आता तुम्ही म्हणाल, युरियाच ना? घरी ४५ किलोची गोणी पडलीय की!

इथेच घात होतो. शेतीचा युरिया त्या शुद्धतेचा नसतो. शिवाय २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप बंधनकारक आहे. पिकासाठी तो उत्तम, पण फवारणीच्या बारीक नोझलसाठी आणि कॅटॅलिस्टसाठी घातक. अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हाही आहे. डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं डीईएफच घ्या, कॅन उन्हात ठेवू नका आणि तारीख बघा.

चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं, तर चावी फिरवू नका. गाडी सुरू न करता टाकी रिकामी करून घ्या. सुरू केली की ते पंप आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचतं.

ब्रेक ऑइल : माळशेज उतरताना आठवावं असं

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५.

भरलेली गाडी, लांब उतार, आणि पाय सतत ब्रेकवर. ब्रेक तापतात, ऑइलमधला ओलावा उकळतो, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल खाली बसतं आणि गाडी थांबत नाही. पावसाळी कोकणात धावणाऱ्या गाड्यांसाठी हे जास्तच खरं आहे.

मॅन्युअलमधली मुदत पाळा, बहुतेक गाड्यांना ती दोन वर्षांच्या आसपास असते. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा.

गिअर ऑइल आणि डिझेल फिल्टर

गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल, दोन्हीत ‘नव्वद नंबर’ टाकून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण दर्जे दोन आहेत. मागच्या डिफरन्शियलला सहसा जीएल-५ लागतं. अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण जीएल-५ मधली जास्तीची रसायनं आतल्या पितळी सिंक्रो रिंगना त्रास देऊ शकतात. गिअर अडकायला लागले की आपण क्लचला दोष देतो, कधीकधी कारण ऑइल असतं.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. तिथला ड्रेन स्क्रू सांगितलेल्या अंतराने उघडून ते काढा. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे असतो. अशा दाबाला पाण्याचा थेंब आणि रॉकेलची भेसळ, दोन्ही इंजेक्टरला भारी पडतात.

मग करायचं काय?

– रोज सकाळी : सपाट जागेवर, थंड इंजिनावर ऑइल आणि कूलंटची पातळी. गाडीखाली डाग पडलाय का, ते बघा.
– दर आठवड्याला : टायरची हवा, ब्रेक ऑइलची पातळी, धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर.
– डीपीएफचा दिवा लागला तर : शक्य तितक्या लवकर मोकळ्या रस्त्याला, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने थोडा वेळ चालवा. तरी गेला नाही तर गॅरेज.
– ऑइल घेताना : सील तपासा, बिल घ्या. रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या, म्हणजे त्यात कुणी बनावट ऑइल भरणार नाही.
– काढलेलं काळं ऑइल : ओढ्यात किंवा गटारात नको. अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जाईल असं गॅरेजवाल्याला सांगा.

मामाने आता एक साधी गोष्ट केलीय. ऑइलचा दर्जा, कूलंटचा प्रकार, ब्रेक ऑइलचा नंबर आणि पुढच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर, एवढं एका पुठ्ठ्यावर लिहून सनव्हायजरला अडकवलंय. गाडी कुठल्याही गावात, कुठल्याही मिस्त्रीकडे गेली तरी तो पुठ्ठा आधी पुढे करतो.

तुमच्या ओळखीत कुणाची पिकअप असेल तर आज त्यांना एवढंच विचारा : तुमच्या गाडीत कुठल्या दर्जाचं ऑइल आहे? उत्तर “चांगलं” असं आलं, तर हा लेख त्यांना पाठवा.