पडल्यानंतरचे दहा सेकंद
बॉक्सिंगची ओळख : लेखांक सहावा

ठोसा बसून तळपायांखेरीज शरीराचा कोणताही भाग कॅनव्हासला टेकला की त्याला नॉकडाऊन म्हणतात. पूर्ण आडवे पडावे लागत नाही. एक गुडघा किंवा नुसता ग्लोव्ह टेकला तरी मोजणी सुरू होते. दोरांमुळेच जो पडता पडता राहिला, त्यालाही रेफरी पडलेला धरू शकतो. दहाच्या आत उठून आपण लढू शकतो हे रेफरीला पटवले, तर लढत पुढे चालू राहते. दहाची ही मोजणी १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे.

हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला बसलेला ठोसा डोके झटक्याने वळवतो. कवटी आधी फिरते, मेंदू मागाहून. या ओढाताणीत शुद्ध आणि तोल सांभाळणारे मेंदूचे काम क्षणभर विस्कळीत होते, आणि पाय लुळे पडतात. प्रत्येक नॉकडाऊन असा नसतो. पाय जुळलेले असताना हलका ठोसाही माणसाला खाली बसवतो. तो लगेच उठतो, आणि त्याला इजेपेक्षा शरमच जास्त झालेली असते. येताना दिसलेल्या ठोशासाठी मानेचे स्नायू आवळले जातात. न दिसलेला ठोसा मात्र सैल मानेवर बसतो, म्हणून तोच घातक.

उठण्याची संधी नियमांनीही हळूहळू वाढवली. १९१९ मध्ये टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. पाडणाऱ्याने दूर जाण्याचे बंधन तेव्हा नव्हते, त्यामुळे विलर्ड उठू लागला की डेम्प्सी शेजारी तयारच असे. पुढे पाडणाऱ्याने तटस्थ कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी नाही, असा नियम आला, आणि तो डेम्प्सीवरच उलटला. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत सातव्या फेरीत त्याने जीन टनीला पाडले, पण स्वतः कोपऱ्यात जायला वेळ लावला. रेफरी डेव्ह बॅरीने त्याला तिकडे पाठवून पुन्हा ‘एक’पासून मोजले. टनी नवाला उठला, तोवर तेरा-चौदा सेकंद गेले होते. त्याला त्याआधीच उठता आले असते की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. पण उठल्यावर त्याने जे केले ते आजही शिकण्यासारखे आहे. तो भिडला नाही. फेरी संपेपर्यंत तो मागे सरकत, गोल फिरत राहिला, आठव्या फेरीत त्याने डेम्प्सीलाच खाली बसवले आणि दहा फेऱ्यांची लढत गुणांवर जिंकली.

बचावाची ही रीत फारशी बदललेली नाही. शुद्धीवर असलेला बॉक्सर घाईने उठत नाही. एका गुडघ्यावर बसून, रेफरीच्या बोटांकडे पाहत तो आठपर्यंतचा वेळ वापरतो. व्यावसायिक लढतींत आठची मोजणी आता बहुतेक ठिकाणी सक्तीची आहे, त्यामुळे लवकर उठून काही मिळत नाही. डळमळणारे पाय तेवढे रेफरीला दिसतात. उठल्यावर प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून त्याचे हात अडकवायचे, नाहीतर अंतर राखायचे. १ डिसेंबर २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये बाराव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या ठोशांनी टायसन फ्यूरी पाठीवर निपचित पडला. रेफरी जॅक रीसने हात हलवून लढत थांबवली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने मोजले, फ्यूरी उठला, रीसने त्याला चालवून पाहिले आणि लढत पुढे नेली. ती बरोबरीत सुटली.

पडून उठण्याची किंमत किती, हे मेक्सिकोच्या हुआन मॅन्युएल मार्केझइतके दुसऱ्या कोणाच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसत नाही. ८ मे २००४ रोजी लास वेगासमध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियावने त्याला पहिल्या फेरीत तीनदा पाडले. काही ठिकाणी एका फेरीत तीन नॉकडाऊन झाले की लढत संपते. येथे तो नियम लागू नव्हता. फेरी हरणाऱ्याला एरवी दहापैकी नऊ गुण मिळतात, आणि प्रत्येक नॉकडाऊनला आणखी एक जातो. तीनदा पडलेल्या मार्केझला म्हणून सहाच मिळायला हवे होते. सावरल्यावर त्याने पॅकियावच्या डाव्या सरळ ठोशाचे अंतर ओळखले, उजव्या हाताने उलट ठोसे लगावायला सुरुवात केली आणि पुढच्या बहुतेक फेऱ्या घेतल्या. लढत बरोबरीत सुटली. नंतर एका जजने पहिल्या फेरीत आपण सहाऐवजी सात गुण दिल्याची चूक कबूल केली; तो एक गुण नसता तर पॅकियाव जिंकला असता. २००८ च्या दुसऱ्या लढतीत उलटे झाले. मार्केझ तिसऱ्या फेरीत एकदाच पडला आणि एका जजच्या ११४-११३ अशा एका गुणाच्या फरकाने निकाल त्याच्याविरुद्ध गेला. २०१२ च्या चौथ्या लढतीत तो पाचव्या फेरीत पडला, आणि सहाव्या फेरीच्या अखेरच्या सेकंदाला त्याने पॅकियावला नॉकआऊट केले. चार लढतींत पाच वेळा खाली जाऊनही तो एकदाही थांबवला गेला नाही. किंबहुना साऱ्या कारकिर्दीत नाही.

असे उठणे प्रेक्षकांना शौर्य वाटते, डॉक्टरांना तितकेसे नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी लंडनमध्ये नायजेल बेन पहिल्या फेरीत दोरांतून रिंगबाहेर फेकला गेला, आठव्यातही पडला, आणि दहाव्या फेरीत जिंकला. इजा मात्र झाली ती त्याचा प्रतिस्पर्धी जेराल्ड मॅक्लेलनला. दहाव्या फेरीत तो एकदा गुडघ्यावर बसून उठला, दुसऱ्यांदा उठला नाही. मेंदूतील रक्ताच्या गाठीवर शस्त्रक्रिया होऊन तो वाचला, पण त्याची दृष्टी गेली.

रेफरी कोणत्या खुणा पाहून लढत थांबवतो, हे पुढील लेखांकात.