पडलेले लाकूड, जिवंत रान

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात एखादे पडलेले खोड न्याहाळावे. त्यावर कुठे पंख्यासारखी, कुठे कानाच्या पाळीसारखी, तर कुठे छत्रीसारखी अळंबी आढळते. ही झाली बुरशीची फळे. तिचे तंतू लाकडात खोल पसरलेले असतात. काही बुरशी मुख्यतः सेल्युलोज पचवतात. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटते. काही चिवट लिग्निनही फोडतात. ते लाकूड पांढरट व तंतुमय होते. रुंद पानांच्या झाडांवर या दुसऱ्या गटाचेच प्राबल्य असते. काहींचा हिरवट प्रकाश तर अंधारात दिसतो! कोणाला जाड ओंडका हवा, कोणाला बारीक फांदी. म्हणूनच रान ‘स्वच्छ’ करताना सारे पडके लाकूड उचलले, तर या जातींचा आसरा जातो आणि मातीचे अन्नही.