शरणपूरचे आफ्रिकी : परदेश नेमका कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण ‘परका’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज त्याचं एक उदाहरण घेऊ, आणि तेही नाशिकचंच.

परदेशातली अँग्लिकन उपासना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो. ते चूक नाही. आपल्या देवळालीला लष्कराची छावणी होती, विलायतेला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथे मुक्काम करत. अशा माणसाला रविवारी ओळखीचे शब्द कानांवर पडले की तासभर घरी गेल्यासारखं वाटणार. पण त्याला घर होतं, बोटही मिळणार होती. ज्यांना परत जायला घरच उरलेलं नाही, त्यांनी या उपासनेतून काय मिळवायचं?

आज आपण शरणपूर रोडवरून रोज जातो, त्या नावामागे एक वसाहत आहे. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने 1850च्या दशकात ती वसवली. शरणपूर, म्हणजे आसऱ्याचं गाव. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडत असे. त्यातून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काही मुंबईमार्गे इथे आली. सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली, बाप्तिस्मा घेऊन इथल्या मंडळीत सामील झाली. (मराठी ख्रिस्ती ‘काँग्रिगेशन’ला ‘मंडळी’च म्हणतात, फार छान शब्द आहे.) गोदाकाठी यात्रेकरूंची गर्दी, आणि थोड्या अंतरावर ही मुलं इंग्लंडच्या चर्चची प्रार्थना म्हणत आहेत. यात कोण कोणाच्या देशात होतं, सांगा बरं!

यातलाच एक जेकब वेनराइट. जन्माने याओ जमातीचा. हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवू या. सुटका करणाऱ्याने नाव बदलावं का, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तरी ‘नाही’ असंच वाटतं. पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत तो होता. 1873च्या मे महिन्यात आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं. तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. तिथे ना चर्च होतं, ना पाद्री. पण शरणपुरात शिकलेले शब्द त्याच्याजवळ होते. सोल्जरला ते शब्द घराची आठवण देत. याच्यापाशी घर म्हणून सोबत नेण्यासारखं दुसरं होतं तरी काय? मग मंडळींनी मृतदेह खारवून, वाळवून समुद्रापर्यंत वाहून नेला. एप्रिल 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा आपला नाशिकचा विद्यार्थी होता.

आता गंमत पाहा. गंमत कसली, दुःखच ते. 1875च्या सुमारास मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्याला दिलं. ते उभारायला गेले विल्यम प्राइस, म्हणजे शरणपूरचेच मिशनरी. इथले आफ्रिकीही तिकडे गेले. आपल्याला वाटेल, चला, पोरं घरी पोचली. पण तिथे त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. नाशिकला ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत मुंबईवाले झाले. म्हणजे परकेपण जागेत नसतं, ते बघणाऱ्याच्या नजरेत असतं. तिथे मंडळी उभी राहिली ती याच माणसांच्या खांद्यावर. ते शिकवत, दुभाषाचं काम करत. तरी बरोबरीच्या वागणुकीसाठी गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडतच राहिले. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर फ्रीअरटाउनच्याही आधी, 1864 साली, मोंबासाजवळच्या रबाईला गेले होते. त्यांना दीक्षा मिळाली 1885 साली. एकवीस वर्षं!

शरणपुरात शिकलेला मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासाला हयात होता. फ्रीअरटाउनची घंटा अजून तिथे आहे, आणि त्या भागाला लोक ‘केंगेलेनी’ म्हणतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ ‘घंटेपाशी’.