उन्हाळ्यातली रपेट: आधी घोडा गार, मग आपण

एप्रिलमध्ये पुण्यात रपेट करायची तर सकाळी सहाला खोगिरावर आणि आठच्या आत तबेल्यात परत. नऊनंतर फिरायचा हट्ट मी तरी सोडून दिलाय.

आपल्यासाठी फार काही लागत नाही. फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, मानेला ओला पंचा आणि हेल्मेट घालण्याआधी डोकं चक्क नळाखाली. कितीही उकडलं तरी हेल्मेट काढायचं नाही!

खरी काळजी घोड्याची. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला घोडा आपल्यासारखाच घामावर अवलंबून असतो. लगामाखाली, मांड्यांमध्ये दिसणारा पांढरा फेस म्हणजे घामातल्या लॅथेरिन या प्रथिनाची करामत. त्यामुळे घाम केसांतून पसरतो आणि लवकर वाळतो. या घामात मीठही भरपूर जातं, म्हणून पाण्यासोबत मीठ हवंच.

‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात’ हे मीही वर्षानुवर्षं ऐकलं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने ते खोडून काढलं. गार पाणी अंगभर ओता, पुन्हा ओता, सावलीत, वाऱ्याला चालवा. ओला टॉवेल मात्र पाठीवर ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. तो धापा टाकतोय, अडखळतोय किंवा उकाड्यातही घाम थांबलाय? लगेच उतरा, खोगीर काढा, पाणी ओतायला लागा आणि पशुवैद्यांना फोन करा.